मदत हवी आहे: मावशीच्या सामानातली चांदीची तार तुटते, सोल्डर पसरत नाही

रेवा_क: मावशीचं दागिने घडवायचं सगळं सामान माझ्याकडे आलंय. तार, पत्रा, सोल्डरचे तुकडे, फिरोजा, पोवळी, तिच्या नावाचा ठसा. तार वाकवली की तडकते, सोल्डर गोळा होऊन बसतं. शनिवारी पेंडंट द्यायचंय. नीट सांगा कुणीतरी.

तारकाम: कसली तार? जाडी? तापवायचा गॅस टॉर्च कुठला? फ्लक्स काय?

पेठकर: कशाला एवढी चिकित्सा! सगळं मुशीत आटवा, नवी तार ओढा.

तारकाम: अजिबात नको. सोल्डरचा एखादा तुकडा आत गेला तरी लगड ठिसूळ होऊ शकते.

रेवा_क: चांदीचीच आहे हो, पांढरी दिसते. १ मिमी असेल. टॉर्च ब्युटेनचा. फ्लक्स म्हणजे?

तारकाम: फ्लक्स म्हणजे टाकणखार, पाण्यात उगाळून सांध्याला लावायचा. तिथेच घोडं पेंड खातंय. आणि ज्योत सोल्डरवर नको, दागिन्यावर फिरवा. धातू तापला की सोल्डर आपोआप तिकडे धावतं.

पांढरं जर्मन सिल्व्हरही दिसतं. त्यात तांबं, निकेल, जस्त, चांदी शून्य. रविवार पेठेत कुणाही कारागिराकडून कस लावून घ्या. ९२५, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी निघाली, तर तार ओढल्यावर ताव द्यायचा, म्हणजे तापवून मऊ करायची राहिलीय. वेटोळं करून तांब्याच्या तारेने बांधा, दिवे मंद करा, मऊ ज्योत सतत फिरती ठेवा. मंद लाली दिसली की ज्योत काढा, लाली गेली की पाण्यात टाका. ज्योत एका जागी थांबली तर टोकं वितळतात.

कानस: सोल्डर निनावी असेल तर आधी परीक्षा घ्या. प्रत्येकाचा सारखाच कण तांब्याच्या पत्र्यावर ओळीत ठेवा, टाकणखार लावा, पत्रा खालून तापवा. आधी वितळेल ते शेवटच्या सांध्याला, म्हणजे आधीचे सांधे सुटत नाहीत. जुन्या सोल्डरमध्ये कॅडमियम असू शकतं, धूर विषारी. खिडकी उघडून भागत नाही. शंका आली तर फेकून नवं आणा.

मोतीया: या तारेत नथ ओवता येईल का?

कानस: १ मिमी मोत्याच्या भोकातून जाणार कशी?

पेठकर: विकणार असाल तर चांदीचा हॉलमार्क सध्या ऐच्छिक आहे.

तारकाम: विचारलंय कुणी? रेवा, तो ठसा मात्र स्वतःच्या कामावर मारू नका. घेणारा ते काम मावशींचं समजेल.

रेवा_क: नाही मारणार. पेंडंट अर्धं तिनेच केलंय, फिरोजा बसवलेला आहे. फक्त वरची कडी झाळायचीय.

तारकाम: हे आधी सांगायचं! टॉर्च लावूच नका, फिरोजा रंग बदलेल नाहीतर तडकेल. झाळल्यावर काळेपणा काढायला वापरतात त्या ॲसिडनेही खराब होईल. लेसर सोल्डरिंग करून घ्या, खड्याजवळ उष्णता पोचत नाही.

कानस: किंवा मागच्या पत्र्याच्या कडेला जागा असेल तर १ मिमीचं भोक पाडून ०.८ मिमी तारेची कडी अडकवा. कडेपासून निदान २ मिमी आत, नाहीतर फाटेल.

रेवा_क: कडेला जेमतेम दीड आहे.

कानस: मग लेसरच.