सीडर पॉइंट (ओहायो) पहिल्यांदाच, एकच दिवस, सहा माणसं: आखणी कशी करावी?

ट्रॉयवासी

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सँडस्कीच्या सीडर पॉइंट या मनोरंजन पार्कला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची (उंची १३५ सेंमी), मुलगा ६ वर्षांचा (११७ सेंमी) आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. मिशिगनमधून सकाळी निघून रात्री परत यायचं आहे, मुक्काम नाही. मोठ्या रोलर कोस्टरवर आम्ही दोघं आणि लेक बसणार. मुलाला काय बसता येईल आणि सासू-सासऱ्यांचा दिवस कसा जाईल, हा खरा प्रश्न आहे.

वार कोणता धरावा? फास्ट लेनचे (जादा पैसे देऊन लांब रांग टाळायचा पास) पैसे वसूल होतात का? आत शिरल्यावर आधी कुठे जायचं? सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, त्यामुळे घरचा डबा नेता आला तर बरं. जाणकारांनी सविस्तर सांगावं, त्रोटक उत्तरं गुगलवर खूप वाचून झाली.

---

एरीकाठचा

आठवडा उत्तम निवडलात. ओहायोतल्या बऱ्याचशा शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात आणि मिशिगनच्या पुष्कळ शाळा लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार). तो मधला आठवडा तुमचा. मंगळवार किंवा बुधवार धरा, शनिवार कुठल्याही परिस्थितीत नको. दोन गोष्टी मात्र आधी पाहा. त्या दिवसांत पार्कची वेळ जुलैपेक्षा कमी असते आणि काही वार बंदही असू शकतात, म्हणून तिकिटाआधी त्यांचं कॅलेंडर उघडा. दुसरं म्हणजे कॉलेजची मुलं कामावरून परत गेलेली असतात. माणसं कमी पडली की एखाद्या कोस्टरवर तीनऐवजी दोनच गाड्या धावतात आणि गर्दी कमी असूनही रांग रेंगाळते.

रांग किती लांब आहे ते पाहू नका, ती किती वेगाने सरकते ते पाहा. मिलेनियम फोर्स या कोस्टरच्या गाडीत ३६ माणसं बसतात. दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटली तर तासाला १०८० माणसं. टॉप थ्रिल २ च्या गाडीत २०, म्हणजे त्याच हिशोबाने ६००. मॅव्हरिकची गाडी १२ जणांचीच, गाड्या बऱ्याच असल्या तरी त्या लवकर लवकर सुटल्या नाहीत तर रांग रेंगाळते. म्हणून मॅव्हरिकपुढची छोटी दिसणारी रांगसुद्धा फसवी असते, आणि रॅप्टरची लांबलचक रांग (गाडीत ३२) भराभर पुढे जाते. रांगेला लागण्याआधी दोन गाड्यांमधलं अंतर घड्याळावर मोजा, पुढची डोकी अंदाजे मोजा आणि भागाकार करा. फलकावरच्या वेळेपेक्षा हा हिशोब भरवशाचा.

आता क्रम. पार्क म्हणजे एरी सरोवरात शिरलेली एक लांब चिंचोळी पट्टी. मुख्य दार एका टोकाला आणि स्टील व्हेन्जन्स-मॅव्हरिक पार दुसऱ्या टोकाला, फ्रंटियरटाउन या भागात. दारावरूनच गेटकीपर हा कोस्टर घोंघावत जातो, त्यामुळे निम्मी गर्दी तिथेच अडकते. तुम्ही थांबू नका, तडक मागे चाला. आधी स्टील व्हेन्जन्स, मग मॅव्हरिक, परतताना मिलेनियम फोर्स. हे तीन साडेअकरा-बाराच्या आत झाले तर दिवस जिंकलात. दुपारच्या उन्हात जास्त माणसं नेणाऱ्या राइड घ्या: जेमिनी, मॅग्नम, रॅप्टर, गेटकीपर. टॉप थ्रिल २ आणि सायरन्स कर्स यांना वेळापत्रकात बांधून ठेवू नका. चालू दिसल्या आणि रांग पटण्याजोगी असली तर लागा.

फास्ट लेन बुधवारी घेऊ नका. पैसे पाण्यात.

---

क्लीव्हलंडची सून

फास्ट लेनबद्दल मी सहमत नाही. सहाजणांपैकी तिघंच मोठ्या राइडवर बसणार आहेत. त्या तिघांच्या रांगांमुळे बाकीचे तिघं बाकावर ताटकळतात, हा खर्च कोणी धरत नाही. दार उघडल्यावर पहिल्या दोन तासांत काय गर्दी दिसते ते पाहा आणि मग ठरवा, आतही विकत मिळतो. दर तारखेप्रमाणे बदलतो. घ्यायचाच झाला तर त्यात नेमक्या कोणत्या राइड आहेत ती यादी वाचा. नव्या आणि गाजलेल्या राइड बऱ्याचदा वरच्या दर्जाच्या पासात किंवा वेगळ्या धरलेल्या असतात.

उंचीचं सांगते. इथे सगळं इंचांत चालतं. तुमची लेक १३५ सेंमी, म्हणजे ५३ इंच. ४८ इंचांच्या राइड तिला खुल्या: मिलेनियम फोर्स, मॅग्नम, जेमिनी, कॉर्कस्क्रू, ब्लू स्ट्रीक, सायरन्स कर्स. ५२ इंचांच्याही चालतील: स्टील व्हेन्जन्स, मॅव्हरिक, व्हॅलरेव्हन, गेटकीपर, टॉप थ्रिल २. रॅप्टर आणि रूगारू मात्र ५४ इंच मागतात, म्हणजे १३७ सेंमी, तिथे ती एका इंचाने अडेल. वर दिलेल्या दुपारच्या यादीतला रॅप्टर म्हणूनच लेकीपुरता काढून टाका. जाड तळव्याचे बूट घालून काम होईल असं समजू नका, शंका आली की राइडच्या दारावर पुन्हा मोजतात. तासभर रांगेत उभं राहून तिथे परत पाठवलं की मूल रडतं आणि सगळ्यांचा मूड जातो. गेस्ट सर्व्हिसेसमध्ये (मदत कक्षात) सकाळीच उंची मोजून मनगटाला पट्टी बांधून घ्या.

मुलगा ४६ इंच. त्याला कॅम्प स्नूपी आणि प्लॅनेट स्नूपी हे भाग. तिथले छोटे कोस्टर त्याच्यासाठीच आहेत, शिवाय फिरते घोडे आणि वाफेची आगगाडी. गेस्ट सर्व्हिसेसमध्येच पेरेंट स्वॅपची चौकशी करा. एक पालक राइड घेतो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि नंतर त्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. आजी-आजोबांवर सहा वर्षांचं पोर दिवसभर सोपवणं बरोबर नाही. दुपारपर्यंत तेच दमतात.

सासू-सासऱ्यांसाठी आगगाडी पहिली पसंती: बसून पार्कच्या मधल्या भागातून मागच्या फ्रंटियरटाउनपर्यंत जाता येतं, तिकिटातच येते. फ्रंटियर ट्रेलवर दाट झाडी आहे, दुपारी १ ते ४ तिथेच काढा. जायंट व्हील हा उंच आकाशपाळणा आहे, वरून सरोवर आणि सगळे कोस्टर दिसतात. त्याची सवय असणाऱ्यांना त्रास होत नाही. समुद्रासारखी वाळूची पुळण आहे, पण तिथे सावली नाही. कमरेचं, मणक्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर 'हळू' दिसणाऱ्या जुन्या कोस्टरवरही त्यांना बसवू नका. ब्लू स्ट्रीक १९६४ चा, लाकडी आहे. ७८ फूटच उंच, पण खडखडाट भरपूर.

डबा आत नेता येत नाही. बाळाचं अन्न आणि वैद्यकीय कारणं वगळता बाहेरचं खाणं दारावरच अडवतात. उपाय असा: पोळीभाजी, दशम्या, दहीभात (दहीभातासाठी बर्फाचा कूलर) गाडीत ठेवा आणि दुपारी बाहेर येऊन दाराबाहेरच्या सहलीच्या जागेत जेवा. बाहेर पडताना परत येण्याची सोय काय आहे ते दारावर विचारा आणि तिकीट जपून ठेवा. पार्किंग ते दार हे चालणं धरून पाऊण ते एक तास जातो, तो हिशोबात घ्या. आत शाकाहारी म्हणजे पिझ्झा, फ्राइज, प्रेटझेल. फ्राइज कोणत्या तेलात तळल्या हे विचारायला लाजू नका, चिकनच्याच तेलात असू शकतात. पाणी विकत घेण्याआधी खाण्याच्या स्टॉलवर कपभर बर्फाचं पाणी मागा. रोख पैसे चालत नाहीत, सासऱ्यांच्या खिशात एक कार्ड द्या.

---

यंत्रवाला

खिशाचा विषय कोणी काढला नाही. स्टील व्हेन्जन्सवर २०१९ मध्ये मोबाइलसुद्धा खिशात चालत नव्हता, सध्याचा नियम रांगेआधी विचारा. कारण साधं आहे. त्या राइडवर माणूस आसनावरून वर उचलला जाण्याचे क्षण इतके लागोपाठ येतात की सैल वस्तू बाहेर पडणारच, आणि खालून दुसरी गाडी जात असते. लॉकर वापरा किंवा सामान सासऱ्यांकडे द्या. चष्म्याला मागून पट्टा लावा. ओढणी, स्कार्फ नको. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत, लांब असेल तर घरीच. चप्पल-सँडल काही ठिकाणी काढून ठेवावी लागते, त्यापेक्षा लेस बांधलेले बूट घाला.

राइड बंद पडण्याबद्दल. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एकाच वेळी एकच गाडी राहील असं नियंत्रण संगणकाकडे असतं. पुढची गाडी फलाटावर अडली, कोणाचा मांडीवरचा सुरक्षा बार नीट बसला नाही, कोणी टोपीसाठी थांबवलं, की मागची गाडी चढावर किंवा ब्रेकवर आपोआप थांबते. हा बिघाड नव्हे, व्यवस्था तशीच केलेली आहे. अशा वेळी रांग सोडू नका, बहुतेकदा थोड्या वेळात सुरू होतं. पण गाडीत वाळूच्या पोत्यांसारखे पाण्याने भरलेले पुतळे बसवून रिकाम्या फेऱ्या मारायला लागले की समजा, दुरुस्तीनंतरची चाचणी चालू आहे. नेमका वेळ कोणी सांगू शकत नाही.

वाऱ्याचा मुद्दा एरी सरोवराकाठी महत्त्वाचा. जोराच्या वाऱ्याने गाडीची गती कमी होते. पुढचा उंचवटा चढायला गती पुरली नाही तर गाडी दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट भागात अडकते आणि तिथून काढणं फार किचकट असतं. म्हणून उंच राइड आधी बंद करतात. वीज चमकली की सगळंच थांबतं. पावसात तासाला १५० किमी वेगाने थेंब तोंडावर सुईसारखे टोचतात, मिलेनियम फोर्स तेव्हा बंद असू शकते. अंदाजात दुपारी ४ ला वादळ दिसत असेल तर उंच राइड सकाळीच उरका. वादळ गेल्यावर निम्मी माणसं घरी गेलेली असतात, तो तास सोन्याचा.

कुठे बसावं? मिलेनियम फोर्स (२०००, ३१० फूट) पुढे बसून घ्या, वारा आणि समोर कोसळणारा मार्ग दिसतो. स्टील व्हेन्जन्स मागे. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढचे डबे खाली सुटलेले असतात आणि ते मागच्याला ओढून नेतात, म्हणून मागच्या रांगेत उचललं जाणं जास्त जाणवतं. मॅग्नम १९८९ चा, जगातला २०० फुटांवरचा पहिला पूर्ण फेरीचा कोस्टर. परतीच्या मार्गावरचे उंचवटे टोकदार आहेत, तिथे मांडीवरचा बार लागतो. बार फार सैल सोडलात तर जास्त लागतो.

टॉप थ्रिल २ समजून घेऊन बसा. आधी पुढे, मग मागे ४२० फुटी उभ्या मनोऱ्यावर, मग पुन्हा पुढे ताशी १२० मैलांनी मुख्य मनोऱ्यावरून पलीकडे. २०२४ च्या मे महिन्यात सुरू होऊन लगेच बंद पडली आणि २०२५ मध्येच परत आली. म्हणून एरीकाठचा म्हणतात ते खरं, तिच्या भरवशावर दिवस आखू नका.

---

ट्रॉयवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून फ्रिजवर लावतो! दोन शंका. लेकीला गाडीतही मळमळतं. आणि तिची पहिलीच मोठी राइड थेट स्टील व्हेन्जन्स केली तर घाबरणार नाही का?

---

क्लीव्हलंडची सून

मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याआधी, म्हणजे प्रवासाला किंवा राइडला अर्धा-एक तास बाकी असताना द्यावी लागते. लहान मुलाच्या डोसाबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्यांनी झोप येते, रात्री गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. उपाशी पोटी बसवू नका आणि जेवल्यावर निदान पाऊण तास गरगर फिरणारं काही नको. मळमळ होते ती बहुतेक फिरत्या पाळण्यांनी, सरळ पळणाऱ्या उंच कोस्टरने कमी. मान मागे टेकवून ठेवायला आणि समोर मार्गाकडे पाहायला सांगा. डोळे मिटले की काहींना पोटात जास्त ढवळतं.

---

एरीकाठचा

घाबरण्याचा मुद्दा बरोबर आहे, माझा क्रम तयार माणसांचा होता. तिच्यासाठी असं करा: तुम्ही एकटे सकाळी स्टील व्हेन्जन्स घ्या, तेवढ्यात ती आईबरोबर शेजारच्या सीडर क्रीक माइन राइडवर जाऊ दे. मग जेमिनी. १२५ फूट, उलटं नाही, दोन गाड्या शर्यतीसारख्या धावतात. ती हसत उतरली तर थेट मिलेनियम फोर्स. ३१० फूट ऐकून दडपण येतं, पण तीही उलटी होत नाही आणि धक्केही फार देत नाही. मॅव्हरिक त्यानंतर. पहिला उतार ९५ अंशांचा आहे, म्हणजे उभ्यापेक्षाही आत वळलेला, आणि दिशा सारखी बदलत राहते.

बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत असाल तर बसवतात. शेवटच्या १५-२० मिनिटांत मिलेनियम फोर्सच्या रांगेत घुसा. दिवसभर धावून चाकं आणि वंगण तापलेलं असतं, गाडी सकाळपेक्षा जोरात जाते. मात्र तेव्हा सासू-सासरे आणि मुलगा मुख्य दाराजवळ बसलेले असू देत. मागून दारापर्यंत चालायला वेळ लागतो आणि मग पार्किंगमधून बाहेर पडायची रांग वेगळीच. घाई नसेल तर ती ओसरेपर्यंत गाडीत दहीभात उरलाय का ते बघा.