मदत हवी आहे: पहिलं फुल-साइज पिस्तूल (न्यू जर्सी), ९ एमएम की .४५?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी,

मी एडिसनला राहते. ग्रीन कार्ड आहे. गेलं वर्षभर रेंजवर भाड्याच्या पिस्तुलांवर हात साफ करतेय, आता स्वतःचं घ्यायचंय. टाउनशिपच्या पोलिसांकडून बंदूक घेण्यासाठी लागणारं ओळखपत्र आणि पिस्तूल खरेदीचं परमिट दोन्ही मिळालंय. इथे एका परमिटवर एकच पिस्तूल मिळतं आणि परमिटला मुदत असते, त्यामुळे "आधी हे घेऊ, मग बघू" ही चैन नाही.

वापर म्हणाल तर नव्वद टक्के कागदी टार्गेट. घरात संरक्षणासाठी ठेवणं हे दुय्यम, आणि बाहेर जवळ बाळगणार नाही. टाउनहाऊस आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. मुलगी नऊ वर्षांची. हात लहान, बांगडी २.४ मापाची, म्हणजे अंदाज येईल.

आतापर्यंत चालवलेली (कंसात कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी; .४५ हे इंचात):

ग्लॉक १७ (९ एमएम) – गोळ्या जागेवर जातात, तक्रार नाही, पण प्रेमही नाही. चाप भुसभुशीत वाटतो.

बेरेटा ९२ (९ एमएम) – जड आणि मऊ. पण पहिल्या गोळीचा लांब चाप ओढताना माझ्या बोटाचं जेमतेम टोक पोचतं.

एक अगदी छोटं ९ एमएम, जे काउंटरवरच्या माणसाने "लेडीजसाठी" म्हणून आपणहून हातात दिलं. करंगळी हवेत लोंबकळते आणि प्रत्येक गोळीला पिस्तूल मुठीत फिरतं. फुल-साइजच घ्यायचं हे तिथेच ठरलं.

१९११ (.४५) – घाबरत घाबरत घेतलं, आणि हेच सगळ्यात आवडलं! मूठ सडपातळ, चाप काच तुटावी तसा एकदम सुटतो.

आता खरा घोळ. त्याच काउंटरवाल्याचं म्हणणं असं: न्यू जर्सीत मॅगझिनमध्ये (मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेटीत) दहापेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. ९ एमएमचा फायदा म्हणजे सतरा गोळ्या, तो इथे कायद्यानेच काढून घेतलाय. मग दहाच मिळणार असतील तर मोठ्या का नकोत? .४५ घे.

ऐकायला बिनतोड वाटतं, पण कुठेतरी पाणी मुरतंय. शिवाय पोलिसांकडून परत आलेली .४० कॅलिबरची वापरलेली पिस्तुलं बरीच स्वस्तात दिसतात, तोही मोह आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

("बंदूक हवीच कशाला" यावर वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडेन.)

---

दुर्बीण:

पाणी मुरतंय ते बरोबर ओळखलंत. थोडं गणित करतो, कंटाळा आला तर शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.

९ एमएमची साधी सरावाची गोळी ११५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम. नळीतून सुटते सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. .४५ ची गोळी २३० ग्रेन, बरोब्बर दुप्पट जड, पण वेग २५५ मीटरच्या घरात. दोन्हींचा संवेग (वजन गुणिले वेग) काढलात तर .४५ चा जवळपास पंचेचाळीस टक्क्यांनी जास्त भरतो. तोच धक्का म्हणून हातात येतो.

मग तुम्हाला १९११ का आवडलं? कारण ते सुमारे अकराशे ग्रॅमचं पोलाद आहे. ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसकट सातशे ग्रॅमचं प्लॅस्टिक फ्रेमचं. संवेग भागिले पिस्तुलाचं वजन असा भागाकार करून बघा: दोन्ही पिस्तुलं हातात साधारण सारख्याच वेगाने मागे येतात. ऊर्जा .४५ मध्ये जास्तच असते, पण ती जड पिस्तुलातून ढकलल्यासारखी येते, फटका बसल्यासारखी नाही. चाप आवडला म्हणता, तर १९११ चा चाप खिळीभोवती फिरत नाही, सरळ मागे सरकतो, आणि घोडा आधीच चढवलेला असतो. यात .४५ चा काहीही संबंध नाही.

थोडक्यात तुम्हाला .४५ आवडलेली नाही. तुम्हाला वजन, मूठ आणि चाप आवडलाय. आणि १९११ ९ एमएममध्येही मिळतं.

काउंटरवाल्याचा मुद्दा आता उलटा करून बघा. सतरा गोळ्या मावायच्या तर मॅगझिनमध्ये दोन रांगा लागतात, म्हणून मूठ जाड होते. ९ एमएमच्या १९११ मध्ये एकच रांग असते, नऊ किंवा दहा गोळ्यांची. टेक्सासात, जिथे दहाची मर्यादा नाही, १९११ घेणारा माणूस सडपातळ मुठीसाठी सात-आठ गोळ्यांचं नुकसान सोसतो. तुम्ही काहीच सोसत नाही. दहाच्या मर्यादेमुळे ९ एमएमचा फायदा गेला नाही, जाड मुठीचा गेला.

.४० चं सांगायचं तर तिचा जन्मच एका सरकारी घाबरगुंडीतून झाला. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट गेले. एका गुन्हेगाराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती, ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. मग एफबीआय १० एमएमकडे गेली, तो धक्का अनेकांना झेपेना, म्हणून १९९० मध्ये त्याचंच छोटं रूप .४० आलं. देशभरच्या पोलिसांनी उचललं. पुढे पोकळ टोकाच्या गोळ्या इतक्या सुधारल्या की शरीराऐवजी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यावरच्या चाचणीत ९ एमएम, .४० आणि .४५ तिन्ही १२ ते १८ इंच खोलीच्या अपेक्षित पट्ट्यात बसायला लागली, आणि ९ एमएमने एजंटांचे नेम जास्त लागतात हेही दिसलं. एफबीआय ९ एमएमवर परतली. तुम्हाला दिसणारी स्वस्त .४० त्या परतीच्या प्रवासातली आहेत. पिस्तुलं वाईट नाहीत, पण हलक्या फ्रेममध्ये तो धक्का खटकन येतो. पहिल्यासाठी नकोच.

---

माळावरचा:

वेगळ्या धाग्याची वाट न बघता एवढंच विचारतो: नऊ वर्षांची मुलगी घरात आहे, ठेवणार कुठे?

---

कोयनाकाठ:

@माळावरचा, रास्त प्रश्न, यावर भांडण नाही. पिस्तुलाआधी तिजोरी आली आहे. जमिनीला बोल्टने आवळलेली, बटणांच्या कुलुपाची. गोळ्या दुसऱ्या कपाटात, वेगळ्या किल्लीत. इथे सोळाखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा गुन्हाच आहे, पण कायदा नसता तरी तेच केलं असतं.

@दुर्बीण, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणतो याचं प्रिंटआउट काढून काउंटरवर चिकटव.

---

तालमीतला:

ताई, मी कोल्हापुरातून वाचतोय आणि मजा वाटतेय. आमच्याकडे ९ एमएम प्रतिबंधित बोअर, सामान्य माणूस बहुधा बत्तीसवरच (.३२) थांबतो. तेही लायसन्ससाठी चपला झिजवून. तुमच्याकडे ते बॉक्सवर बॉक्स सरावाला!

मी क्लबात .२२ मारतो, म्हणून विचारतो: कागदावरच मारायचंय तर .२२ का नको? आमच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटरचं सुवर्ण आणलं ते .२२ वरच. धक्का जवळपास नाही, त्यामुळे चाप झटकला की लगेच कळतं. मोठ्या कॅलिबरमध्ये ती चूक धक्क्यात लपून जाते.

---

दुर्बीण:

@तालमीतला शंभर टक्के सहमत. दोन पिस्तुलं घेता आली असती तर पहिलं .२२ च सांगितलं असतं. रुगर मार्क फोर छान आहे, एका बटणात उघडतं. गोळीही ९ एमएमच्या मानाने फारच स्वस्त. पण ताईंना घरातला वापरही धरायचाय, तिथे .२२ कमी पडते. दुसऱ्या परमिटला नक्की घ्या.

---

रानजाई:

ऑस्टिनहून. कोयना, माझे हात तुझ्याहून लहान असतील, म्हणून हातांबद्दलच बोलते. पुरुष मंडळींना हे सुचत नाही.

दुकानात पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, दुकानदाराला विचारून दोन गोष्टी कर. एक, मूठ अशी धर की नळी आणि तुझा हात कोपरापर्यंत एका रेषेत येईल. आता चापावर बोटाच्या पहिल्या पेराचं मध्य पोचतंय का बघ. नुसतं टोक पोचत असेल तर प्रत्येक गोळी बाजूला ओढली जाते (उजव्या हाताने मारत असशील तर डावीकडे). बेरेटात तुझं हेच झालं. दोन, स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून बघ. चिमटीत धरून ओढू नकोस, सगळा तळवा वरून टाक आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. बहुतेकींना "माझ्यात ताकद नाही" वाटतं ते चिमटीमुळे.

लोक तुला सीझेड ७५ सुचवतील. अप्रतिम पिस्तूल, पोलादी, ९ एमएम. पण त्याची स्लाइड फ्रेमच्या आतून धावते, त्यामुळे पकडायला बाहेर पट्टी अगदी बारीक उरते. घामट हाताला ती निसटते. घ्यायच्या आधी ओढून बघच.

प्लॅस्टिकमध्ये राहायचं असेल तर स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ९ २.० बघ, मुठीचे मागचे चार तुकडे बदलता येतात. सगळ्यात लहान लावलास की बोट पोचेल. शिवाय ग्लॉक उघडताना चाप ओढावा लागतो, यात लागत नाही. साफसफाई करताना "रिकामंच आहे" म्हणून ओढलेल्या चापाने किती भिंतींना भोकं पडलीत ते विचारू नकोस.

आणि रेंजवर बंद गळ्याचा टी-शर्ट! उडालेली गरम पुंगळी कुर्त्याच्या गळ्यात गेली की माणूस नाचतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असताना नाचणं बरं नाही.

---

नवा_गडी:

धागा छान चाललाय. थोडं अवांतर: मी एच-१बी वर आहे, मलाही घेता येईल का?

---

दुर्बीण:

@नवा_गडी सरळ उत्तर: नाही. केंद्राच्या कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेणंच काय, जवळ ठेवणंही बंद आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाला भेटा. रेंजवर भाड्याने हातात घेणंही यातच मोडू शकतं. ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना असली जोखीम कुणी घेऊ नये.

अजून एक, सगळ्यांसाठी. बंदूक घेताना दुकानात भरायच्या ४४७३ फॉर्मवर गांजाचा प्रश्न असतो. न्यू जर्सीत तो खुशाल दुकानात मिळतो, पण फॉर्म केंद्राचा आहे आणि केंद्राला तो मान्य नाही. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

---

जुना_फौजी:

सगळे पिस्तुलावर अडकलेत. चार इंची नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घे पोरी, त्यात .३८ स्पेशल मार. मॅगझिन नाही, स्लाइड नाही, दहाची भानगड नाही.

---

रानजाई:

काका, आणि त्याचा पहिल्या गोळीचा लांब, जड चाप तिच्या त्या बोटाला? बेरेटाहून वाईट.

---

जुना_फौजी:

घोडा अंगठ्याने चढवून मारायचं. आम्ही तसंच शिकलो. पण घरात अंधारात ते जमणार नाही हे कबूल.

---

कोयनाकाठ:

सगळ्यांचे आभार. काल दुसऱ्या एका रेंजवर ९ एमएमचं १९११ भाड्याने मिळालं. @दुर्बीण, तुमचा भागाकार बरोबर निघाला. .४५ पेक्षा कितीतरी शांत, आणि पंचवीस यार्डांवर टार्गेटवरचा माझ्या गोळ्यांचा घोळका ग्लॉकपेक्षा निम्म्यावर आला. एम अँड पीही मारलं, रानजाईने सांगितलं तसा लहान तुकडा लावून. तेही चांगलं वाटलं आणि किमतीला हलकं आहे.

मन १९११ कडे झुकतंय. दोन शंका:

१. १९११ घोडा चढवून, सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) लावून ठेवायचं असतं. घरात रात्री दचकून उठल्यावर ती सेफ्टी खाली करायचं सुचेल का?

२. भिंती. शेजारी म्हातारं गुजराती जोडपं राहतं.

---

दुर्बीण:

भिंतीचं आधी. जिप्समच्या पातळ भिंतीतून ९ एमएम, .४०, .४५ सगळ्याच जातात, पोकळ टोकाच्या असल्या तरी. त्यावर कॅलिबर हे उत्तर नाही. घराचा नकाशा काढा, कुठे उभं राहिलं तर मागे कुणाची खोली नाही ते आजच ठरवा. टाउनहाऊसमध्ये अशी दिशा एखादीच निघते, बहुधा रस्त्याकडच्या किंवा मागच्या भिंतीची. तीही न निघाल्यास दार लावून ९११ ला फोन करणं आणि थांबणं हाच बेत ठेवा.

सेफ्टीसाठी: मूठ पकडतानाच अंगठा तिच्यावर टेकवायची सवय लावा, म्हणजे ती वेगळी आठवावी लागत नाही. घरी रिकाम्या पिस्तुलावर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज थोडा सराव करा. महिन्या-दोन महिन्यांतही अंगठा आपोआप जाईना झाला तर एम अँड पी हेच तुमचं पिस्तूल, त्यात कमीपणा नाही. आणि ९ एमएमची १९११ मॅगझिनच्या बाबतीत जरा नखरेल असतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जादा मॅगझिनं घ्या, ११५ आणि १२४ ग्रेन दोन्ही मारून बघा, आणि ज्या जोडीत एकदाही अडकणार नाही तीच घरासाठी ठेवा.

---

रानजाई:

आणि दुकानात जाण्याआधी कागद तपासून घे. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आणि ते पासपोर्टवर एक, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, परमिटवर तिसरंच असं होतं. फॉर्मवर पूर्ण नाव लागतं, आणि तिन्हीकडे जुळलं नाही तर पोलिसांची तपासणी रेंगाळते. तोवर पिस्तूल दुकानातच राहतं आणि इकडे परमिटची मुदत सरत असते.

---

कोयनाकाठ:

अगं बाई. माझ्या लायसन्सवर माहेरचं आडनाव आहे. उद्याच मोटार व्हेइकलच्या रांगेत उभी राहते.