मदत हवी आहे: सी प्रोग्राम लिंक होताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतंय

उदगीरकर
लातूर जिल्ह्यातल्या दहाही तालुक्यांचा मंडळनिहाय पाऊस एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवायचा, सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं आणि ६५ मिलिमीटरच्या वरचे अतिवृष्टीचे दिवस वेगळे मोजायचे, असा प्रोग्राम सीमध्ये लिहिलाय. उबुंटू २२.०४ आहे. ‘एसक्यूलाइट३.एच’ आणि ‘मॅथ.एच’ दोन्ही इन्क्लूड केलेत. जीसीसी कंपायलरची कमांड (टर्मिनलवर अर्थात इंग्रजी लिपीत):

जीसीसी -एलएसक्यूलाइट३ पाऊस.सी -ओ पाऊस

‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूलाइट३_ओपन’ येतं, वर्गमूळ काढणाऱ्या ‘एसक्यूआरटी’साठीही तेच, आणि शेवटी ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. लायब्ररीचं नाव दिलंय, मग अडतंय कुठं? आणि आधीच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये एसक्यूआरटी(२.०) काहीच न जोडता कसं चाललं?

गोदाकाठ
भाऊ, ही एरर कंपायलरची नाही, लिंकरची आहे. ‘एलडी’ दिसलं की कंपाइलचं काम झालेलं असतं. हेडरमध्ये फक्त फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं आणि ते काय परत देतं एवढंच असतं. खरा कोड लायब्ररीच्या फाइलमध्ये असतो, आणि तो जोडायचं काम लिंकरचं.

लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. तुमच्या कमांडमध्ये लायब्ररी आली तेव्हा तिच्यातलं काहीच कुणी मागितलेलं नव्हतं. उबुंटूचा जीसीसी लिंकरला ‘--अ‍ॅज-नीडेड’ (गरज असेल तीच लायब्ररी ठेव) आपणहून देतो, त्यामुळं ती तिथंच गाळली गेली. मग पाऊस.सीची मागणी आली तेव्हा पुरवणारं कुणी उरलं नाही. म्हणून लायब्ररी नेहमी शेवटी:

जीसीसी -वॉल -जी पाऊस.सी -ओ पाऊस -एलएसक्यूलाइट३ -एलएम

‘-एल’च्या पुढं फाइलच्या नावातलं सुरुवातीचं ‘लिब’ आणि शेवटचं ‘.एसओ’ काढून उरलेलं लिहायचं. ‘लिबएम.एसओ’चं ‘-एलएम’ होतं.

एसक्यूआरटी(२.०)चं उत्तर जीसीसी कंपाइल करतानाच काढून थेट आकडा बसवतो, लायब्ररीला हात लागतच नाही. कंसात व्हेरिएबल आलं की खरा कॉल होतो आणि -एलएम लागतंच. यात नवशिके हमखास फसतात, कारण प्रोग्राम ‘काल चालत होता’ असं वाटतं.

डोळ्यांनी बघायचं तर ‘जीसीसी -सी पाऊस.सी’ करा (लिंक न होता पाऊस.ओ ही ऑब्जेक्ट फाइल बनते) आणि मग ‘एनएम पाऊस.ओ’ चालवा. एसक्यूलाइट३_ओपनच्या अलीकडे ‘यू’ दिसेल, म्हणजे मागणी आहे पण पत्ता नाही. मेनच्या अलीकडे ‘टी’ आणि डावीकडे पत्ता दिसेल.

उदगीरकर
धन्यवाद दादा, घरच्या मशीनवर चाललं. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र उबुंटू १८.०४ आहे, नेट नाही, सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) नाही. हेडर सापडेना म्हणून घरून कॉपी करून नेलं, तर आता ‘कॅनॉट फाइंड -एलएसक्यूलाइट३’.

पूर्णाजंक्शन
लॅबमध्ये ‘लिबएसक्यूलाइट३.एसओ.०’ असेलही, पण ती तयार प्रोग्राम चालवण्यापुरती. लिंकर शोधतो ते ‘.एसओ’वर संपणारं नाव, आणि ती लिंक हेडरसोबतच ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’ पॅकेजमध्ये येते. सुडो असतं तर ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’ एवढ्यात भागलं असतं. नुसतं हेडर उचलून नेऊ नका. हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, असं झालं तर नव्या फंक्शनांवर पुन्हा हीच एरर येईल.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे एसक्यूलाइटच्या साइटवरचं ‘अमाल्गमेशन’ झिप, म्हणजे सगळी लायब्ररी एकाच सी फाइलमध्ये. त्यातल्या एसक्यूलाइट३.सी आणि एसक्यूलाइट३.एच या दोनच फाइली पेन ड्राइव्हवर न्या आणि पाऊस.सीच्या शेजारी ठेवा. इन्क्लूड करताना नाव अवतरणचिन्हांत लिहा, म्हणजे शेजारचं हेडर आधी उचललं जाईल.

जीसीसी -ओ२ -सी एसक्यूलाइट३.सी
जीसीसी -वॉल पाऊस.सी एसक्यूलाइट३.ओ -ओ पाऊस -एलपीथ्रेड -एलडीएल -एलएम

पहिली कमांड एकदाच. ती फाइल दोन लाखांहून जास्त ओळींची आहे, दरवेळी कंपाइल करत बसू नका. पीथ्रेड आणि डीएल या लायब्ररी १८.०४वर लागतात. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४पासून (२०२१) ते मुख्य लायब्ररीतच आलेत, म्हणून घरी २२.०४वर गाळले तरी चालतं. -एलएम मात्र दोन्हीकडे ठेवा.

गोदाकाठ
पूर्णाजंक्शन यांचा मार्गच घ्या. लायब्ररी प्रोग्राममध्येच बसते, त्यामुळं पुढची ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ ही अडचणही टळते. ती एरर लिंकरची नसते, प्रोग्राम सुरू करणाऱ्या लोडरची असते. कधी आलीच तर ‘एलडीडी ./पाऊस’ चालवा, ज्या नावापुढं ‘नॉट फाउंड’ दिसेल ती फाइल हरवलेली. /यूएसआर/लोकल/लिबमध्ये लायब्ररी स्वतः टाकली असेल तर बहुतेक ‘सुडो एलडीकॉन्फिग’ राहिलेलं असतं.

उदगीरकर
लॅबमध्येही झालं. आता मेकफाइल (‘मेक’साठी कमांड लिहून ठेवायची फाइल) करतोय, -एलएम कुठल्या व्हेरिएबलमध्ये टाकू?

पूर्णाजंक्शन
‘एलडीलिब्स’मध्ये. ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये टाकाल तर मेकचा अंगभूत नियम ते ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लावतो आणि पहिलीच एरर परत येईल. एलडीफ्लॅग्जमध्ये फक्त कॅपिटल ‘-एल’चे फोल्डरचे पत्ते ठेवा.