मदत हवी आहे: एम४ चा व्हर्जन २ गिअरबॉक्स पुढून फुटला, सीएनसी अ‍ॅल्युमिनियम शेल घालताना काय काय बदलावं लागेल?

खटपट्या_लेस्टर

मंडळी, यूकेमध्ये एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुकांचा खेळ) खेळणाऱ्यांची मदत हवी आहे.

इलेक्ट्रिक एम४, व्हर्जन २ गिअरबॉक्स, शेल (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) ओतीव झिंकचं. स्प्रिंग एम१००, बॅटरी ११.१ व्होल्ट लायपो. ०.२० ग्रॅमच्या बीबीवर (छर्ऱ्यावर) ३३५ एफपीएस (फूट प्रति सेकंद) वेग मिळत होता. आता सिलेंडरच्या खिडकीच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यातून चीर निघून पुढच्या भिंतीपर्यंत गेली आहे. आतला माल धड आहे. गिअर १८:१ चे, स्टीलचे. पिस्टनचा पहिला दाता मात्र थोडा खाल्लेला दिसतो.

बिलेटमधून (अखंड ठोकळ्यातून, सीएनसी यंत्रावर) कोरलेलं अ‍ॅल्युमिनियमचं शेल घ्यायचं ठरवलंय. प्रश्न असे: ७०७५ मिश्रधातूचं घ्यावं की ६०६१ चं चालेल? जुने शिम (गिअरच्या बाजूंना घालायच्या पातळ चकत्या) तसेच टाकून चालेल का? आणि नवीन शेलही त्याच जागी फुटू नये म्हणून काय करावं?

चक्रधर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

व्हर्जन २ पुढूनच फुटतो, त्याला कारण आहे. पिस्टन दर फैरीला सिलेंडर हेडवर आदळतो, आणि हेड तो धक्का शेलच्या पुढच्या भिंतीला देतं. या भिंतीला बाकीच्या शेलशी जोडणारं धातूचं अंग खिडकीपाशी अगदी बारीक आहे. ओतीव शेलमध्ये तिथला कोपरा काटकोनी असतो, म्हणून सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. एके दिवशी जोर जास्त झाला म्हणून शेल फुटत नाही. हजारो धक्क्यांनी धातू थकतो आणि कोपऱ्यातून चीर पुढे सरकत जाते. एके आणि जी३६ मधला व्हर्जन ३ यातून बराचसा वाचतो, कारण त्याचा पुढचा भाग जास्त भरीव आहे.

चांगल्या सीएनसी शेलमध्ये हा कोपरा गोल कोरलेला असतो. विकत घेताना फोटोत आधी तेच बघा. कोपरा काटकोनी दिसला तर धातू कितीही भारी असो, घेऊ नका. ७०७५-टी६ ची ताण सोसायची मर्यादा साधारण ५०० मेगापास्कल, ६०६१-टी६ ची २७५ च्या आसपास. तुमच्या एम१०० ला ६०६१ सुद्धा पुरून उरेल. किमतीत फार फरक नसेल तर ७०७५ घ्या, नाहीतर उरलेले पैसे पिस्टन आणि बेअरिंगवर घाला.

आता पिस्टनचा पहिला दाता. तो खाल्ला गेलाय याचा अर्थ सेक्टर गिअरचा (पिस्टनला मागे खेचणाऱ्या गिअरचा) पहिला दाता त्याला सपाट भिडत नाही, खालून तिरका घासतो. नवीन शेलमध्ये हे तसंच राहिलं तर पिस्टन जाईल. यावर उपाय सिलेंडर हेडवरचा पॅड. स्प्रिंग न घालता सिलेंडर, हेड, पिस्टन आणि एकटा सेक्टर गिअर उघड्या शेलमध्ये ठेवा. पिस्टन हेडला पूर्ण टेकवा आणि गिअर बोटाने फिरवून पहिला दाता पिस्टनच्या पहिल्या दात्याला लावा. दोघांचे चेहरे पूर्ण उंचीभर भिडायला हवेत. भिडत नसतील तर पिस्टन जितका मागे घेतल्यावर भिडतात ते अंतर कॅलिपरने मोजा. तेवढ्या जाडीचा सोर्बोथेन (धक्का शोषणारं मऊ रबर) पॅड हेडला चिकटवायचा. हेडवर आधीचं रबर असेल तर ते काढून टाका आणि त्याची जाडी या मापात मिळवा. बहुतेक वेळा ३ ते ५ मिमी भरतं. पॅडच्या मध्यभागी भोक आरपार आणि स्वच्छ हवं, नाहीतर हवा अडते.

पिस्टन मागे सरकला की त्याचा दुसरा दाता सेक्टरच्या वाटेत येतो. तो कानशीने मुळापर्यंत काढा. मधलं अंतर मोकळं दिसलं पाहिजे. पॅडमुळे पिस्टनची धाव थोडी कमी होते, एफपीएस जरा उतरतो, पण धक्का मऊ होतो. शेल वाचवायला धातूइतकाच हा पॅड कामाचा आहे.

रानवाट

चक्रधर यांच्या प्रतिसादाला +१. शिमबद्दल मी लिहिते.

जुने शिम मोजून तसेच टाकू नका. प्रत्येक शेलची आतली खोली वेगळी असते, बुश किती आत बसतो तेही वेगळं. शून्यापासून करा. ०.१, ०.१५, ०.२, ०.३ आणि ०.५ मिमीचे शिम हाताशी ठेवा.

आधी बुश किंवा बेअरिंग, म्हणजे गिअरचे अक्ष ज्यात फिरतात ती कडी. कोरलेल्या शेलमध्ये भोकं नेमक्या मापाची असल्याने ती फार घट्ट बसतात. हातोडी मारू नका, बेअरिंगच्या कडेवर एक ठोका तिरका पडला तरी ते कायमचं खरखरतं. शेल हेअर ड्रायरने चटका बसेल इतकं तापवा, बुश तोवर फ्रीजरमध्ये ठेवा. ६० अंशांनी तापवलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये ८ मिमीचं भोक सुमारे ०.०११ मिमी मोठं होतं, आणि एवढं पुरतं. बाकी अंगठ्याने, सपाट लाकडी ठोकळ्यावर दाबून. ११.१ व्होल्टवर सेमीमध्ये (ट्रिगरच्या एका दाबाला एक फैर) भराभर फैरी झाडणार असाल तर बेअरिंगऐवजी स्टीलचे बुश घ्या, धक्का जास्त सोसतात.

पुढे गिअरचा क्रम: बेव्हल (मोटरकडचा), स्पर (मधला), सेक्टर. बरेच जण स्परपासून सुरू करतात. पण बेव्हलची उंची मोटरचा पिनियन (मोटरच्या टोकाचा छोटा गिअर) ठरवतो आणि ती तुमच्या हातात नसते, म्हणून माझं मत बेव्हल आधी. शेलमध्ये एकटा बेव्हल ठेवा, शेल बंद करून सगळे स्क्रू आवळा, मोटर ग्रिपसकट लावा आणि पिनियनचे दाते बेव्हलच्या दात्यांत पूर्ण रुंदीभर बसतात का ते टॉर्चने बघा. मग स्पर. तो बेव्हलला आणि शेलच्या भिंतीला न घासता मधे बसला पाहिजे, दोन्हीकडे ०.१ ते ०.२ मिमी फट. शेवटी सेक्टर.

दर वेळी तपासताना सगळे स्क्रू आवळलेले हवेत. अर्धे आवळून केलेलं शिमिंग पूर्ण आवळल्यावर अडकतं. गिअर बोटाने टिचकी मारल्यावर फिरत राहावा, आणि अक्षाच्या दिशेने हलवून पाहिलं तर जेमतेम जाणवेल इतका, ०.१ मिमीच्या आसपास, ढिला असावा.

हे स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जातात. स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरून जितका बसेल तितकाच. मूठ आवळून पिळलात तर आटे मरतात, आणि इतक्या महागड्या शेलमध्ये आटे पुन्हा पाडत बसणं वाईट.

खटपट्या_लेस्टर

दोघांचे मनापासून आभार. शेल काल आलं. कोपरे गोल आहेत. पण एक अडचण: ते वरच्या-खालच्या रिसीव्हरमध्ये (गिअरबॉक्स ज्यात बसतो त्या बंदुकीच्या बॉडीत) शिरतच नाही, मागे कुठेतरी अडकतं. रिसीव्हर धातूचा आहे. शेलला कानस लावू का? आणि वायरिंगमध्ये काही वेगळं करायचं का? पुढे मागे गेट टायटन (ट्रिगरच्या कॉन्टॅक्टऐवजी बसणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घालायचा विचार आहे.

चक्रधर

शेलला कानस अजिबात नको. अ‍ॅनोडाइझिंग जाईल आणि मापही. पूर्ण शेल बाहेरून काळ्या मार्करने रंगवा, सुकू द्या, जाईल तितकं आत सरकवा आणि बाहेर काढा. जिथे शाई पुसली गेली असेल तिथे अडकतंय. रिसीव्हरच्या आतली नेमकी तेवढीच जागा ४०० च्या पॉलिश पेपरने घासा, पुन्हा रंगवा, पुन्हा बघा. पुढून हॉप-अपपाशी (बीबीला फिरकी देणारा बॅरलच्या मागचा भाग) मार्करची शाई पुसली जात असेल तर घासण्याआधी बॅरल काढून नुसतं शेल घालून बघा, कधीकधी अडथळा हॉप-अपचा असतो.

बॉडी पिन सहज जात नसेल तर ठोकून घालू नका. पिन ओढूनताणून बसली की नोझल (बीबी पुढे ढकलणारी नळी) हॉप-अपच्या रबरात तिरकं जातं. मग सलग दहा फैरींत एफपीएस वरखाली होतो आणि माणूस पिस्टनच्या ओ-रिंगला दोष देत बसतो.

ओहमकार

वायरिंगचं मी सांगतो.

कोरलेल्या शेलच्या आतल्या कडा ब्लेडसारख्या असू शकतात. अ‍ॅनोडाइझिंगचा थर वीज अडवतो खरा, पण कडेवर तो पातळ असतो आणि घासून जातो. वायरचं आवरण तिथे कापलं गेलं की सरळ शॉर्ट, आणि लायपोला शॉर्ट म्हणजे आगच. वायर जाते त्या प्रत्येक खाचेच्या कडेवरून ६०० चा पेपर फिरवा, नंतर शेल आयसोप्रोपिलने धुवा. अ‍ॅल्युमिनियमचा भुगा ग्रीसमध्ये मिसळला तर गिअर खातो. वायर १६ किंवा १८ एडब्ल्यूजी (वायरच्या जाडीचं माप), आवरण पातळ, जाड सिलिकॉनचं नको. शेल बंद करताना ती कुठे चेपत नाही ना, हे कागदाची पट्टी सरकवून बघा.

टॅपेट प्लेट (नोझल मागेपुढे करणारी पट्टी) आणि सिलेक्टर प्लेटच्या (फैरीचा प्रकार बदलणाऱ्या पट्टीच्या) खाचाही अशाच तपासा. स्प्रिंग न लावता शेल तिरकं केलं तर टॅपेट प्लेट आपल्या वजनाने घसरली पाहिजे. अडखळत असेल तर महिन्याभरात तिचं प्लास्टिक कापलं जाईल.

टायटनसाठी ट्रिगरचे कॉन्टॅक्ट आणि कट-ऑफ लिव्हर दोन्ही काढावे लागतात. त्याचे सेन्सर प्रकाशावर चालतात, म्हणून सेक्टरला ग्रीस बेताचं लावा. उडून सेन्सरवर बसलं की तो दाते मोजताना चुकतो. बोर्ड नवीन शेलमध्ये वाकून बसत असेल तर स्क्रू आवळू नका, आधी कुठे टेकतोय ते शोधा.

रानवाट

एक कायद्याचं, कारण तुम्ही यूकेत आहात. ज्यातून ऑटो फैर निघते अशा एअरसॉफ्ट गनला १.३ ज्यूलची मर्यादा आहे, २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम अ‍ॅक्टनुसार. फक्त सिंगल फैरीच्या गनला २.५ ज्यूल. ०.२० ग्रॅमवर १.३ ज्यूल म्हणजे ३७४ एफपीएस. तुमचा ३३५ म्हणजे १.०४ ज्यूल, पण नवीन शेलमध्ये नोझल नीट जुळलं की हवेची गळती थांबते आणि तीच स्प्रिंग जास्त एफपीएस देते. मैदानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ३५० एफपीएसच असते. जोडल्यावर घरीच क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजा, हॉप पूर्ण बंद ठेवून. वर गेला तर एम९० ही हलकी स्प्रिंग घाला.

खटपट्या_लेस्टर

जोडून झालं. अडत होतं ते रिसीव्हरच्या मागच्या डाव्या बाजूला. एफपीएस ३४१, दहाही फैरी ३३९ ते ३४३ मध्ये. फक्त ट्रिगर सोडल्यावर शिट्टीसारखा आवाज राहतो. शिम पुन्हा उघडू का?

चक्रधर

उघडू नका. आधी ग्रिपच्या तळाचा मोटरचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवून बघा. नवीन शेलमध्ये मोटरची उंची बदलते. आत घेताना आवाज बारीक आणि तीव्र झाला तर पिनियन फार घट्ट बसतोय, बाहेर काढताना किरकिर आली तर फार ढिला. दर पाव फेरीनंतर दोन-तीन फैरीच झाडा आणि मोटरला हात लावून बघा. सगळ्यात कमी आवाज आणि मोटर गार, तिथे थांबा. पूर्ण एक फेरी दोन्हीकडे फिरवूनही शिट्टी गेली नाही, तरच बेव्हलखालचा शिम ०.१ ने बदला.