मदत हवी आहे: पावसाळ्यासाठी छोटा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घ्यावा का?

फोंड्याला तळमजल्यावर भाड्याने राहतो. पावसाळा लागला की कपाटातले चामड्याचे बूट, बेल्ट, पुस्तकं सगळ्यावर बुरशी, आणि यंदा पेटीच्या भात्यालाही लागली म्हणून हा प्रश्न. खोलीतलं आर्द्रतामापक दिवसभर ८५ च्या वरच असतं.

ऑनलाइन ते डब्याएवढे छोटे डीह्युमिडिफायर दिसतात ना, दोन-अडीच हजारवाले, रंगीत लाइट वगैरे असलेले (लाइट कशाला कोण जाणे). त्यात पेल्टिअर चिप असते (वीज दिली की एक बाजू थंड होते, तिच्यावर ओलावा जमतो), फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नाही, आणि दिवसाला जेमतेम पाव-अर्धा लिटर पाणी काढतात असं लिहिलंय. कॉम्प्रेसरवाले दहा-बारा लिटर काढतात पण किंमत आणि आवाज दोन्ही जास्त.

कापूर, सिलिका जेल, कॅल्शियम क्लोराइडचे डबे सगळं करून झालंय, डबे आठवड्यात पाण्याने भरतात आणि परत नवे आणा. कपाटात बल्ब लावायचा सल्ला मिळालाय पण कपाट प्लायचं, भीती वाटते. एसी नाही, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. लाइट वरचेवर जाते, त्यामुळे गेल्यावर आपोआप परत चालू होणारा हवा. खोली साधारण १० बाय १२, बजेट आठ हजार, खरंच उपयोग असेल तर पंधरापर्यंत ताणेन.

गोव्यात किंवा कोकणात कोणी पेल्टिअरवाला पूर्ण पावसाळा वापरलाय का? खोलीसाठी नाही, निदान बंद कपाटात ठेवला तर आर्द्रता ६०-६५ पर्यंत येते का, की सरळ कॉम्प्रेसरवालाच घेऊ?