पीएसडब्ल्यूचे 2,950 पौंड भरावेत का?

हळदबाजार (9 नोव्हेंबर 2025)
मी सांगलीची, सध्या लीड्समध्ये. सप्टेंबरमध्ये एमएस्सीचा प्रबंध दिला, निकाल याच महिन्यात. स्टुडंट व्हिसा जानेवारीअखेर संपतो. पीएसडब्ल्यूची, म्हणजे शिक्षणानंतर इथे राहून नोकरी करायच्या व्हिसाची, फी 880 पौंड आणि आयएचएस (व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार) वर्षाला 1,035 प्रमाणे दोन वर्षांचे 2,070. म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या घरात, तेही एकरकमी. गोदामात तासाला 12.21 पौंड मिळतात. टॅक्स बाजूला ठेवला तरी 240 तासांची कमाई या एका अर्जात जाणार. कर्जाचा हप्ता एप्रिलपासून सुरू. बाबा म्हणतात, "भरून टाक, आता मागं फिरू नको." आई त्यांच्या हातातून फोन घेऊन विचारते, "आणि नोकरी नाही लागली तर?"
सहा महिन्यांत परत गेले तर उरलेला आयएचएस मिळतो का? आणि पीएसडब्ल्यू न घेता कुणी थेट वर्क व्हिसावर गेलंय का?

कोथरूडला_परत
नाही मिळत. अर्ज नामंजूर झाला तर आयएचएस परत येतो, फी येत नाही. मंजूर झाल्यावर दुसऱ्या महिन्यात गेलीस तरी पैसे त्यांचेच.
मी 2022 साली भरले तेव्हा फी 715 आणि आयएचएस 1,248 होता, आता हजारभर पौंड वाढलेत. माझे वसूल झाले, कारण अर्ज करण्याआधीच नोकरी हातात होती. पुढं कंपनीनं वर्क व्हिसासाठी स्पॉन्सर केलं नाही तेव्हा परत आलो, पण कर्ज पौंडांतच फेडून आलो.
अजून एक. युनिव्हर्सिटीनं कोर्स पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला (व्हिसा देणारं तिथलं गृहखातं) कळवल्याशिवाय अर्ज करू नकोस. आणि अर्ज टाकल्यावर निर्णय येईपर्यंत भारतात यायचं नाही, अर्ज मागे घेतला असं धरतात. तुळशीच्या लग्नानंतर घरात कुणाचं लग्न असेल तर आत्ताच सांगून ठेव!

पेरोलवाली
मी इथे एचआरमध्ये आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.
स्टुडंट व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करवर, म्हणजे वर्क व्हिसावर, गेलीस तर कंपनीला इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कर्मचारी घेतल्याबद्दल सरकारला द्यायचा आकार) भरावा लागत नाही. पीएसडब्ल्यूवरून गेलीस तर लागतो. मोठ्या कंपनीला आज वर्षाला 1,000 पौंड, 16 डिसेंबरपासून 1,320. तीन वर्षांचे 3,960. हा चार्ज उमेदवाराकडून वसूल करता येत नाही, त्यामुळे मॅनेजर तिथंच बिचकतो. म्हणजे जानेवारीपर्यंत तू कंपनीला स्वस्त पडतेस. हे कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिही. बऱ्याच मॅनेजरांना माहीतच नसतं.
पगार मात्र वर्षाला किमान 33,400 पौंड हवा, किंवा त्या पदाच्या ठरलेल्या दराच्या 70 टक्के, जे जास्त असेल ते. ही नवोदितांची सवलत एकूण चारच वर्षं, आणि पीएसडब्ल्यूची दोन त्यातच मोजतात. ती दोन वर्षं कायम वास्तव्याचा परवाना मिळायला लागणाऱ्या पाच वर्षांत मात्र धरत नाहीत. मला तर 2,950 पेक्षा हाच खर्च मोठा वाटतो.

कोथरूडला_परत
पण ताई, थेट वर्क व्हिसाही फुकट नाही. तीन वर्षांची फी 885 अधिक आयएचएस 3,105, कंपनीनं दिले नाहीत तर हिच्याच खिशातून.

पेरोलवाली
खरंय. पण आधी पीएसडब्ल्यू घेतला तर दोन्ही भरावे लागतील ना.

मँचेस्टरची_मावशी
काउन्सिल टॅक्सही (राहत्या घराचा स्थानिक कर) धर गं. कोर्स संपला की विद्यार्थ्यांची माफी संपते, आणि घरातल्या बाकीच्या मुली अजून शिकत असतील तर बिल तुझ्याच नावावर येतं. आमच्याकडे यावरून भांडणं झालीत.

हळदबाजार
काउन्सिल टॅक्स डोक्यातच नव्हता, मावशी. 2027 पासून पीएसडब्ल्यू दीड वर्षाचा होणार ना? तो नियम मला लागेल का?

कोथरूडला_परत
1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना. तू जानेवारीतच अर्ज करशील, तुला पूर्ण दोन वर्षं.

हळदबाजार
मग 15 जानेवारीपर्यंत फक्त स्पॉन्सर लायसन्सवाल्या, म्हणजे वर्क व्हिसा देऊ शकणाऱ्या, कंपन्यांकडे अर्ज करते, होम ऑफिसची यादी काढलीय. नाहीच जमलं तर पीएसडब्ल्यू भरते, बाबांकडून निम्मे घेऊन. पेरोलवाली ताई, सीव्ही व्यक्तिगत निरोपातून पाठवला तर बघाल का?

पेरोलवाली
पाठव. दोन पानांच्या वर नको, आणि फोटो, जन्मतारीख काढून टाक.