बायरन-मूर या कवींच्या काळातलं (१९व्या शतकाची सुरुवात) पूर्वेकडचं कथाकाव्य, सुरुवात कशाने करू? (बजेट ३००)

निवांत_वाचक: तुर्कस्तान, इराण, काश्मीरमध्ये घडणारी ती लांबलचक इंग्रजी काव्यं वाचायचीयेत. एकच घेणार, ३०० रुपयांच्या आत, छापीलच हवं, मोबाइलवर डोळे चुरचुरतात. इंग्रजी बेताचं.

जुनीपुस्तके: मूरचं लाला रुख, दुसरं काही बघूच नका. माझी सोनेरी कडांची जुनी प्रत २२०० ला पडली पण काय चित्रं आहेत! मूरला १८१७ साली या एका पुस्तकाचे तीन हजार गिनी (जुनं ब्रिटिश नाणं) मिळाले होते.

खवचट_काका: आणि गडी भारतात कधी आलाच नाही. नायिका औरंगजेबाची मुलगी म्हणे, त्या नावाची मुलगीच नव्हती त्याला. आपल्याला संभाजीपुत्र शाहू महाराजांवर माया करणारी त्याची मुलगी झीनतुन्निसा ठाऊक.

जुनीपुस्तके: काका, काव्य आहे, बखर नाही. दिल्लीहून काश्मीरला लग्नाला निघालीये, वाटेत तरुण कवी गोष्टी सांगतो आणि फदलादीन नावाचा दरबारी प्रत्येक गोष्टीला नाक मुरडतो, अगदी तुमच्यासारखा.

सिंधुदुर्गकर: बायरन घ्या, तो निदान तिकडे फिरून तरी आला होता. पण त्याचं द जियाउर घेताना जपून. मी स्वस्तातली मागवली, तर तुकड्यांमधल्या चांदण्याच (* * *) गाळलेल्या, त्यामुळे कोळी कधी बोलतोय आणि मठातला साधू कधी, पत्ताच लागेना. नायिका लैलाला समुद्रात बुडवली हे मला दुसऱ्या वाचनात कळलं 😑 त्यापेक्षा द कॉर्सेअर, सरळ दोन-दोन ओळींची यमकं, १८१४ मध्ये पहिल्याच दिवशी दहा हजार प्रती खपल्या होत्या.

मेघना_प: लाला रुख घ्या. (वरचं वाचलं नाही)

खवचट_काका: उच्चार लालारुख, एक शब्द. ट्युलिपसारखे गाल असलेली.

अर्धवट_अभ्यासक: रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीचं द कर्स ऑफ केहामा मात्र टाळा दादा. आपल्याच देवांची खिचडी आणि पानोपानी टिपा. शेवटी केहामा अमृत पितो आणि

मेघना_प: अहो शेवट काय सांगताय!!

अर्धवट_अभ्यासक: १८१० चं पुस्तक आहे ताई, २०० वर्षं थांबलोच की. बाकी हे सगळं कॉपीराइटबाहेर आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर फुकट मिळतं, छापून घ्या.

निवांत_वाचक: आभार मंडळी. केहामाच घेतलं 🙈 म्हणजे गुटेनबर्गवरून उतरवून पहिले दोन सर्ग झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतले, ४८ रुपये. सुरुवातच मध्यरात्री, दहा हजार मशाली आणि राजपुत्राची अंत्ययात्रा. दुसऱ्या सर्गात त्याचा बाप केहामा मारेकऱ्याला शाप देतो की पाणी तुला शिवणार नाही, झोप येणार नाही. टिपा छापल्याच नाहीत.

अर्धवट_अभ्यासक: अहो टिपाच तर खऱ्या वाचायच्या असतात त्यात!